खोके कंपनीचे, आतला माल कोणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका विक्री प्रतिनिधीचे पत्र या आठवड्यात आले आहे. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, त्यामुळे ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा आशय आधी देतो.

‘मी २७ वर्षांचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा केल्यानंतर गेली तीन वर्षे वाहनांचे स्पेअर पार्ट आणि अ‍ॅक्सेसरीज यांच्या एका घाऊक वितरकाकडे विक्री प्रतिनिधी म्हणून काम करतो. पाथर्डी, शेवगाव, नेवासा, पैठण आणि गेवराई हा माझा पट्टा. मोटारसायकलवरून रोज आठ-दहा दुकाने करतो. कामाची आवड आहे आणि दुकानदार मला नावाने ओळखतात. परंतु दर महिन्याच्या २५ तारखेनंतर मालकांचे फोन सुरू होतात आणि टार्गेट भरण्यासाठी दुकानदाराने न मागितलेला मालही त्याच्या गळ्यात मारावा लागतो. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र वेगळेच घडत आहे. एका नामांकित कंपनीचे ब्रेक शू आणि क्लच प्लेट आमच्या गोदामात निम्म्या भावाने येत आहेत. खोके तेच, रंग तोच; पण हा माल कंपनीच्या बिलावर आलेला नाही. पहिल्या महिन्यात मला हे कळले नाही, त्यामुळे ब्रेक शूचे सुमारे ४० जोड माझ्याच हातून दुकानांत गेले. विचारले तर मालक म्हणतात, “तुझे काम विकायचे, बाकीच्या चौकशा कशाला?” शिवाय माझ्या पट्ट्यातील एक दुकान बंद पडले; त्याच्याकडे अडकलेले ४६,००० रुपये माझ्या पगारातून दरमहा ३,००० प्रमाणे कापले जात आहेत. नेमणूकपत्र मला मिळालेले नाही. घरी लग्नाचे पाहत आहेत आणि मुलीकडची माणसे फिरतीची नोकरी म्हटल्यावर पुढे बोलत नाहीत. मी ही लाइनच सोडून द्यावी का?’

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. लाइन सोडू नका. त्या खोक्यांना मात्र उद्यापासून हात लावू नका, आणि मालक ऐकणार नसतील तर हा मालक सोडा. हे लिहायला सोपे असले तरी करायला अवघड आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, कारण सुट्या भागांच्या विक्रीत मी स्वतः २६ वर्षे काढली आहेत आणि त्यांतली पहिली आठ वर्षे आपल्यासारखीच दुचाकीवर, मागे कॅटलॉगची बॅग बांधून गेली आहेत. म्हणून प्रत्येक गोष्टीचे कारण सविस्तर सांगतो.

ब्रेक शूपासून सुरुवात करू, कारण आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर मजकूर तो आहे. दुचाकीचा ब्रेक शू म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अर्धचंद्राकृती तुकडा आणि त्यावर चिकटवलेली लायनिंग. सगळी कसोटी त्या चिकटवण्यात असते. मी या धंद्यात नवीन असताना एका वयस्कर मेकॅनिकने मला दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर बसवले आणि दोन शू शेजारी शेजारी ठेवले. एक अस्सल होता, दुसरा त्याच नावाच्या खोक्यातून निघालेला नकली. वरून पाहता मला फरक कळेना. त्याने नकली शू माझ्या हातात दिला आणि लायनिंगच्या कडेला अंगठ्याचे नख घालायला सांगितले. कडेचा तुकडा वाळलेल्या पापुद्र्यासारखा सुटून माझ्या तळहातावर पडला. मग त्याने जवळच उभ्या असलेल्या एका मोटारसायकलीचे मागचे चाक उघडून दाखवले. त्यात लायनिंगचा अर्धा पट्टा शूपासून सुटून ड्रममध्ये तिरका अडकला होता आणि चाक जागच्या जागी जाम झाले होते. ती गाडी सुदैवाने हळू चालली होती. हमरस्त्यावर, मागून उसाचा ट्रक येत असताना तेच चाक जाम झाले असते तर काय झाले असते, हे त्याने सांगितले नाही आणि मला विचारावेही लागले नाही.

क्लच प्लेटचे नुकसान इतके जीवघेणे नसते, परंतु खर्चाला तेही कमी नाही. मोटारसायकलीची क्लच प्लेट इंजिन ऑइलमध्ये बुडलेली असते. हलक्या प्लेटचे घर्षणाचे आवरण सुटले की त्याचा चुरा त्याच तेलात मिसळतो आणि गाळणी तुंबवतो. गिऱ्हाईक क्लच बदलायला येते आणि काही महिन्यांनी इंजिन उघडायला लागते. त्या वेळी शिव्या खातो तो मेकॅनिक, मेकॅनिक बोट दाखवतो दुकानदाराकडे, आणि दुकानदार आपली वाट पाहत बसलेला असतो.

मालकांचे ‘बाकीच्या चौकशा कशाला’ हे वाक्य आपल्याला कायद्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त अडचणीत आणणारे आहे. १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०४ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणे हा गुन्हा असून त्याला किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. त्याच कलमात निरपराध माणसासाठी वाटही ठेवली आहे: योग्य ती सर्व काळजी घेतली होती, चिन्ह खोटे असल्याची शंका येण्याचे कारण नव्हते, आणि विचारणा झाल्यावर माल कोणाकडून आला याची माहिती दिली, असे जो सिद्ध करू शकतो त्याची सुटका होऊ शकते. पहिल्या महिन्यात आपण या वाटेवर होतात. आता आपल्याला शंका आली आहे, आपण ती मालकांना बोलून दाखवली आहे आणि मला लिहूनही कळवली आहे. यापुढे विकलेला प्रत्येक जोड आपण जाणूनबुजून विकलेला असेल, आणि ‘मालकाने सांगितले म्हणून’ हे उत्तर पोलिसांपुढे टिकणार नाही.

माल नकलीच आहे याची खात्री करून घेणे मात्र आवश्यक आहे, कारण केवळ संशयावरून कोणाचे नाव घेणे योग्य नव्हे. भाव निम्मा आणि कंपनीचे बिल नाही, या दोन गोष्टी जवळपास पुरेशा आहेत, तरीही एक अस्सल खोके आणि एक संशयित खोके शेजारी ठेवून पाहा. पॅकबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे हे २०११च्या वैधमापनशास्त्र नियमांनी बंधनकारक आहे. नकली खोक्यावर यातले काहीतरी चुकलेले किंवा पुसट असते. होलोग्राम किंवा क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करून पाहा. दोन्ही शू तराजूवर ठेवा. मग दोन्ही खोक्यांचे फोटो काढून त्या कंपनीच्या आपल्या विभागातील अधिकाऱ्याला दाखवा. नावाजलेल्या कंपन्या नकली मालाचा प्रश्न फार गांभीर्याने घेतात आणि पोलिसांना बरोबर घेऊन गोदामांवर छापेही टाकतात. तसा छापा पडेल तेव्हा आपले नाव कोणत्या बाजूला असेल, हे आजच ठरते आहे.

मालकांशी बोलताना आवाज चढवू नका. शक्यतो सकाळी, गोदामात इतर कोणी नसताना बोला आणि बोलणे झाल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत नोंद ठेवा: ‘आज सांगितल्याप्रमाणे अमुक कंपनीच्या नावाचा, कंपनीच्या बिलावर नसलेला माल मी यापुढे विकणार नाही आणि दुकानांत गेलेला माल परत घेण्यासाठी क्रेडिट नोट मिळावी ही विनंती.’ (क्रेडिट नोट म्हणजे परत घेतलेल्या मालाची रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा दाखवणारा कागद.) या संदेशात आरोप नाही, धमकी नाही. पण तारीख आहे. माझा अनुभव असा आहे की मालकांमध्ये दोन प्रकार असतात. काही जण स्वस्त मालाच्या मोहात सापडलेले असतात आणि आपला माणूस ठाम उभा राहिल्यावर घाबरून का होईना, पण मागे येतात. काहींनी हिशेब करूनच हा धंदा पत्करलेला असतो. आपले मालक कोणत्या प्रकारातले आहेत हे त्या संदेशाच्या उत्तरावरून कळेल.

आता महिनाअखेरच्या टार्गेटविषयी. माल गळ्यात मारण्याची सवय मलाही होती आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटते. पहिल्याच वर्षी मार्चअखेरीस टार्गेट थोडक्यात राहिले होते, म्हणून एका तालुक्याच्या गावातील साध्या, माझ्यावर विश्वास असलेल्या दुकानदाराला मी बंद होत आलेल्या एका मॉडेलच्या क्लच प्लेटचे दोन डझन सेट ‘स्कीम आहे, पुढच्या महिन्यात मिळणार नाही’ असे सांगून दिले. मला इन्सेंटिव्ह मिळाला. दोन वर्षांनी त्याच दुकानात वरच्या फळीवरून हॉर्न काढताना ती खोकी खाली आली. धूळ पुसल्यावर त्यांवर माझ्याच अक्षरातला पार्ट नंबर दिसला, कारण बिल करताना मी तो मार्करने लिहिला होता. दुकानदार काही बोलला नाही. त्याने ती खोकी पुन्हा वर ठेवली आणि मला चहा दिला. त्यानंतर मी त्याच्याकडे ऑर्डर मागताना नेहमी आधी फळ्या पाहत असे.

आपल्या धंद्यात कंपनीकडून वितरकाकडे आणि वितरकाकडून दुकानात गेलेला माल हा हिशेबाच्या वहीत विक्री म्हणून लागतो, परंतु खरी विक्री दुकानाच्या काउंटरवरून गॅरेजमध्ये होते. दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला माल ही विक्री नसून फक्त उधारी आहे, आणि ती वसूल करायला शेवटी आपल्यालाच जावे लागते. आपल्याकडील जे दुकान ४६,००० रुपये थकवून बंद पडले, त्याच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी काढून पाहा. त्यांतला किती माल त्याने मागितला होता आणि किती आपण २५ तारखेनंतर दिला होता? हा प्रश्न आपल्याला दोष देण्यासाठी विचारत नाही. ही आकडेमोड मालकांपुढे ठेवली तर टार्गेटविषयीचे संभाषण बदलू शकते, एवढ्यासाठी विचारतो आहे.

टार्गेट भरण्याचा खरा रस्ता मेकॅनिकच्या गॅरेजमधून जातो. आपण रोज आठ-दहा दुकाने करता असे लिहिले आहे. गॅरेजविषयी पत्रात एक शब्दही नाही. दुचाकीचा मालक दुकानात येऊन क्वचितच एखाद्या कंपनीचे नाव घेतो. मेकॅनिक चिठ्ठीवर जे लिहून देतो तेच तो मागतो. म्हणून दुपारी एक ते चार, जेव्हा दुकानदार जेवायला जातात किंवा पेंगुळलेले असतात, तेव्हा प्रत्येक गावातील दोन गॅरेज करा. ऑर्डर मागू नका. कोणता भाग लवकर येतो परत, कोणता मिळत नाही, कोणत्या मॉडेलमध्ये घोळ होतो, एवढेच विचारा आणि लिहून घ्या. आपल्याकडे डिप्लोमा आहे. चेन घट्ट करूनही आवाज का येतो आणि फक्त चेन न बदलता स्प्रॉकेटसह (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांसह) पूर्ण किट का बदलावे हे आपण समजावून सांगू शकता. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली की ती नवी चेनही लवकर खराब होते, हे ज्या मेकॅनिकला पटले तो आयुष्यभर किटच मागवतो. यात गिऱ्हाइकाचेही हित आहे आणि आपल्या बिलाचेही.

मॉडेलच्या घोळाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण प्रतिनिधीची किंमत इथे ठरते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय) आणि त्यापुढे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, आणि लगेच १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आले. बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले, वायरिंग बदलले. गाडीचे नाव मात्र तेच राहिले. त्यामुळे एकाच नावाच्या गाडीसाठी तीन वेगवेगळे पार्ट नंबर लागू शकतात आणि चुकीचा नंबर गेला की माल परत येतो, दुकानदार वैतागतो, गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते. एक साधी वही करा. आपल्या पट्ट्यात सर्वांत जास्त चालणाऱ्या पंधरा गाड्या, प्रत्येकीच्या निर्मितीच्या वर्षानुसार दहा-बारा नेहमीचे भाग, त्यांचे नंबर, आणि कोणता नंबर कोणत्या दुसऱ्या गाडीला चालतो. ही वही ज्याच्याकडे असते त्याला दुकानदार स्वतः फोन करतात. कॅटलॉग मोबाइलवर असतो हे खरे, परंतु काउंटरवर तीन गिऱ्हाइके उभी असताना कॅटलॉग चाळायला कोणाला सवड नसते.

जीएसटीचा दर बदलला तेव्हाही प्रतिनिधीची हीच किंमत दिसली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकी आणि मोटारींच्या सुट्या भागांवर एकच १८ टक्के दर झाला. त्याआधी अनेक भागांवर २८ टक्के होता. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला जुन्या खरेदीवर भरलेला कर वजा मिळत होता, पण कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या) छोट्या दुकानदाराला ती वजावट नसल्यामुळे जुना साठा त्याच्या अंगावर बसला. जे प्रतिनिधी त्या आठवड्यात दुकानात बसून जुन्या मालाची यादी करायला मदत करत होते, त्यांना दुकानदारांनी लक्षात ठेवले आहे. आपल्या पट्ट्यात हे काम आपण केले असेल तर पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत ते आवर्जून सांगा.

आपला पट्टा मला थोडा माहीत आहे आणि त्याचे वेळापत्रक शहरासारखे नाही. पावसाळ्यात वायपर, ब्रेक आणि केबल चालतात, दसरा-दिवाळीला नव्या गाड्यांमुळे सीट कव्हर, मॅट आणि गार्ड जातात, हे सगळीकडे सारखेच. पण पाथर्डी, शेवगाव, गेवराई या भागांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम हाती आली की गाड्या दुरुस्तीला येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे हब उघडले जातात, बेअरिंग आणि ग्रीस लागते. त्यानंतर गळीत हंगाम संपेपर्यंत गावे अर्धी रिकामी असतात. या काळातल्या टार्गेटचा आकडा पुणे किंवा अहिल्यानगर शहराच्या बरोबरीने ठरवणे चुकीचे आहे आणि हे मालकांना तीन वर्षांच्या महिनावार विक्रीचा तक्ता करून दाखवता येईल. वर्षाचे टार्गेट तेवढेच ठेवा, फक्त महिन्यांची वाटणी बदला, अशी मागणी करा. समंजस मालक ती मान्य करतात.

अ‍ॅक्सेसरीजविषयी आपण फारसे लिहिले नाही, म्हणून थोडक्यातच सांगतो. काही वस्तू विकताना गिऱ्हाइकाचे नुकसान होणार हे आपल्याला आधीच माहीत असते. चारचाकीच्या हेडलाइटच्या नेहमीच्या एच-४ बल्बला ६०/५५ वॅट लागतात. तिथे रिले (जास्त प्रवाह स्विचमधून न जाऊ देणारा जोड) न बसवता १००/९० वॅटचा बल्ब घातला की होल्डर वितळतो, कधी स्विचही जळतो. असा बल्ब विकायचाच असेल तर रिले-वायरिंगच्या सेटसह विका. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली आहे आणि गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी बुलबार लावू नयेत असे केंद्राने राज्यांना २०१७ मध्ये कळवले आहे, तेव्हा त्यांची ऑर्डर घेऊ नका. ज्या गाडीच्या सीटमध्येच साइड एअरबॅग आहे तिला त्या जागी शिवण उघडणारे कव्हरच द्या, साधे देऊ नका. एअरबॅग उघडायची वेळ आली तर ते कव्हर आडवे येते.

आता पगारातून होणाऱ्या कपातीकडे वळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत पगारातून कोणकोणत्या कारणांसाठी कपात करता येते याची यादीच दिली आहे. कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान झाले, किंवा ज्या रकमेचा हिशेब त्याने द्यायचा आहे ती रक्कम गहाळ झाली, आणि हे थेट त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे घडले, तर कपात करता येते. तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच. दुकानदाराने उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे दिले नाहीत आणि ते पैसे आपल्या हातात कधी आलेच नाहीत, तर तो धंद्यातला तोटा आहे. उधारी किती द्यायची हे मालकांनी ठरवले होते, बिल त्यांच्या नावाने होते, नफाही त्यांचाच होता. आजवर किती रक्कम कापली गेली याचा महिनावार हिशेब बँकेच्या पासबुकावरून तयार करा आणि कपात कोणत्या नियमाने केली हे लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. त्या बंद पडलेल्या दुकानदाराचा एखादा चेक मालकांकडे असेल आणि तो वटला नसेल, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरण्यासाठी १५ दिवस असतात, हेही मालकांच्या कानावर घाला. वसुली त्याच्याकडून व्हायला हवी, आपल्या पगारातून नव्हे.

नेमणूकपत्राचा मुद्दा याला जोडूनच येतो. विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ चा एक स्वतंत्र कायदा होता. तो आधी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींपुरता होता. २०११ मध्ये वाहने, त्यांचे सुटे भाग आणि अ‍ॅक्सेसरीज यांचा धंदाही त्यात आला, तरी आपल्या लाइनमधल्या फार थोड्या मुलांना ते ठाऊक होते. आता तो नव्या संहितेत विलीन झाला असून दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे किती माणसे आहेत ते मोजा. दहापेक्षा कमी असली तरी पत्र मागायला काहीच हरकत नाही. त्यात पगार, इन्सेंटिव्हचा हिशेब, पेट्रोलचा दर आणि वसुलीची जबाबदारी कोणाची हे चार मुद्दे स्वच्छ लिहून घ्या. दरम्यान रोख वसुली घेतली की जागेवर पावती द्या, पावतीच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानदाराची सही घ्या आणि ती रक्कम त्याच दिवशी भरा. रोख रक्कम रात्रभर स्वतःजवळ ठेवणे टाळा. कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी ‘मी बघतो, माल द्या’ असे आपल्या शब्दावर मालकांना कधीही सांगू नका.

मालक ऐकणार नसतील तर पुढे काय, हा प्रश्न उरतो. दुसरी जागा हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका, परंतु शोध आजपासून सुरू करा. आपण तीन वर्षे पाच तालुके पायाखाली घातले आहेत. चाकण, पिंपरी-चिंचवड, वाळूज आणि नाशिक या पट्ट्यांत सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत आणि ज्यांची बाजारात थेट विक्री चालते त्यांना ग्रामीण भाग ओळखणारी, पार्ट नंबर तोंडपाठ असलेली माणसे सहजासहजी मिळत नाहीत. पुण्याच्या नाना पेठेतील घाऊक व्यापाऱ्यांकडेही चौकशी करा. त्या वेळी आपली वही बरोबर न्या. ती आपल्या प्रमाणपत्राइतकीच उपयोगी पडेल. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे ही लाइन संपेल अशी भीती काही जण घालतात. ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग आणि क्लच प्लेट त्या गाड्यांत नसतात हे खरे आहे. ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे आणि आरसे मात्र असतात, आणि आपल्या पट्ट्यातील पेट्रोलच्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर राहणार आहेत. वायरिंग आणि बॅटरीचे प्राथमिक ज्ञान मात्र आत्तापासून मिळवा.

लग्नाच्या बाबतीत मी एवढेच सांगेन की मुलीकडच्या माणसांची शंका चुकीची नाही आणि त्या शंकेचा राग मानू नका. फिरतीच्या माणसाच्या घरी त्याची वाट पाहणे असते, रस्त्यावरच्या अपघाताची धास्ती असते, महिनाअखेरचा ताण असतो. मुलीशी स्वतः बोलण्याची संधी मिळाली तर ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ वगैरे मोठी नावे न सांगता आपला खरा दिवस सांगा: किती वाजता निघतो, किती किलोमीटर गाडी चालवतो, किती वाजता परत येतो, हातात किती पडते. नेमणूकपत्र आणि पूर्ण पगार हातात असताना हे बोलणे जास्त सोपे जाईल, म्हणून आधी नोकरीचा प्रश्न मार्गी लावा आणि घरच्यांकडे तीन-चार महिन्यांची सवड मागा.

आणि ते ४० जोड. बिलांवरून दुकानवार यादी करायला आपल्याला एक संध्याकाळ लागेल. मालक क्रेडिट नोट देवोत वा न देवोत, प्रत्येक दुकानात स्वतः जा आणि सरळ सांगा की हा माल कंपनीच्या बिलावरचा नसल्याचे मला नंतर कळले, कृपया विकू नका, जे जोड गेले असतील ते कोणत्या मेकॅनिककडे गेले तेवढे सांगा. एखादा दुकानदार चिडेल, एखादा पैसे मागेल. क्रेडिट नोट येईपर्यंत त्याला तसे लिहून द्या. सुरुवात गेवराईपासून करा आणि मग पाथर्डी व शेवगाव घ्या. दसऱ्याला अजून पाच आठवडे आहेत. त्यानंतर त्या गावांतल्या मोटारसायकली पुढे भांड्यांची पिशवी, मध्ये लेकरू आणि मागे बायकोला घेऊन उसाच्या फडाकडे निघतील, आणि त्यांची चाके आत्ता गॅरेजमध्ये उघडली जात आहेत.